मम्बल्सची अर्धी गाडी

शेडच्या दाराला कुलूप दिसलं तेव्हा मी अहोंकडे बघितलं आणि अहोंनी समुद्राकडे. वेल्समधल्या स्वॉन्झी गावात, जुन्या गोदीला लागून, एका कवीच्या नावाच्या चौकात आम्ही उभे होतो. उघडायच्या वेळा बघून निघणं हे माझं काम होतं. ते मी केलं नव्हतं. त्यामुळे चिडायला हक्काचं माणूसही उरलं नव्हतं.

काचेला नाक लावलं तर आत लाल रंगाची दुमजली गाडी. गाडी कसली, गाडीचं तोंड! ड्रायव्हरची केबिन, वरच्या मजल्याच्या काही खिडक्या, आणि पुढे काहीच नाही. सुरीने पाव कापावा तशी कापलेली.

"हे बघायला आलो आपण?"

"हो."

"अर्धीच आहे की."

"अर्धीसुद्धा नाही," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू यायला लागलं.

मुलगा कार्डिफला नोकरीला असतो. तीन आठवड्यांत त्याने आम्हाला चार किल्ले, दोन चर्च आणि असंख्य सुपरमार्केटं दाखवली. त्यातल्या कशाबद्दलही मला काही सांगायचं नाही. एक दिवस मात्र मी माझा मागून घेतला होता. बाबा हार्बर लाइनला मोटरमन, बालपण कुर्ल्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. जगात पहिल्यांदा माणसं तिकीट काढून रुळावरच्या गाडीत बसली ती जागा तासाभराच्या अंतरावर आहे म्हटल्यावर मी पाचवा किल्ला बघायला जाणार नव्हते.

कार्डिफहून स्वॉन्झीला जाताना एक गंमत दिसते. डोक्यावरची विजेची तार कार्डिफलाच संपते. पुढे स्वॉन्झीपर्यंत तीच गाडी डिझेलवर धावते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली रेल्वे म्हणून शाळेत आपण पाठ केलं ते १८२५, स्टीफन्सन, स्टॉकटन आणि डार्लिंग्टन. पण त्याच्या अठरा वर्षं आधी, २५ मार्च १८०७ पासून, स्वॉन्झीच्या उपसागराच्या काठाने ऑयस्टरमथपर्यंत प्रवाशांची गाडी सुरू झाली होती. ऑयस्टरमथ म्हणजेच आजचं मम्बल्स. मार्ग मुळात मालासाठी होता. संसदेने १८०४ मध्ये कायदा केला तो मम्बल्सचा चुनखडी दगड आणि क्लाइन खोऱ्यातला कोळसा वाहायला. मग बेंजामिन फ्रेंच नावाच्या माणसाला वाटलं की दगड जातो तर माणसंही जातील. त्याने वर्षाचे वीस पौंड मोजून त्या रुळांवरून प्रवाशांचा डबा चालवायची परवानगी घेतली. इंजिन नाही. ओढायला घोडा.

"घोडा ओढतो ती रेल्वे? मग आमच्या गावचा टांगाही रेल्वेच," अहो. हे वाक्य त्या दिवशी मी तीनदा ऐकलं.

उशीर झाला तो तिथल्या वॉटरफ्रंट म्युझियममध्ये. (तीही चूक माझीच. अहो कॉफी पिऊन केव्हाचे तयार होते.) ट्रेव्हिथिक नावाच्या इंजिनिअरने रुळावर चालवलेल्या वाफेच्या इंजिनाची पूर्ण आकाराची प्रतिकृती तिथे आहे. मूळ इंजिन २१ फेब्रुवारी १८०४ ला मर्थर टिडफिलजवळ पेनिडॅरनच्या लोखंडी कारखान्यातून दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं घेऊन जवळपास दहा मैल गेलं. मात्र त्याच्या वजनाखाली बिडाचे रूळ तुटायला लागले. इंजिन चांगलं आणि रूळ कच्चे! बाबा असते तर एवढ्या एका वाक्यावर तासभर बोलले असते. मी त्यांच्या वाटणीचा तास तिथे उभी राहिले.

त्याच संग्रहालयाने माझी एक समजूतही काढून टाकली. स्वॉन्झीला एके काळी 'कॉपरोपोलिस' म्हणायचे, म्हणून मी समजत होते की इथे तांब्याच्या खाणी असतील. तसं नाही. इथे होता कोळसा. तांबं गाळायला खनिजाच्या कितीतरी पट कोळसा जाळावा लागे, तेव्हा कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिजच जहाजात भरून कोळशाकडे आणणं स्वस्त. आधी कॉर्नवॉलहून, पुढे क्यूबाहून, आणि केप हॉर्नला वळसा घालून थेट चिलीहून जहाजं इथे येत. जळता गंधक आणि आर्सेनिक मिसळलेला धूर टावी नदीच्या खोऱ्यावर साचून राही. डोंगरांवर गवत उगवत नसे. आठवडाभर त्या धुरात राहिलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी कुठे जावंसं वाटेल? समुद्रावर, वाऱ्याकडे. आणि त्या वाटेवर रूळ होते.

तर, शेडला कुलूप. मग मी ठरवलं की गाडी नाही तर नाही, मार्ग तरी चालायचा. रूळ आता नाहीत. त्यांच्या जागी काठाकाठाने डांबरी पायवाट आहे, मम्बल्सपर्यंत पाचेक मैल. सायकलवाले मागून घंटी वाजवतात, कुत्री मालकांना फिरवतात. ओहोटी होती. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक प्रचंड. पाणी इतकं मागे गेलं होतं की समुद्र बघायला आलो की चिखल, असा प्रश्न पडावा. वारा थेट कानात शिरत होता. मी मनात हिशेब करत चालले होते: इथून घोडा गेला, १८७७ मध्ये वाफेचं इंजिन आलं, १९२९ मध्ये वीज. एकाच मार्गावर तिन्ही. म्हणजे आज जिथे तार पोचलेली नाही त्या गावात जवळपास शंभर वर्षांपूर्वी विजेवरच्या तेरा दुमजली गाड्या धावत होत्या. एकेकीत १०६ जणांना बसायला जागा; ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या ट्राम त्या. गर्दी असली की दोन गाड्या जोडायचे.

ब्लॅकपिलला जुन्या स्टेशनाची इमारत उभी आहे. विजेचं उपकेंद्रही तिच्यातच होतं. आता तिथे कॅफे आहे. अहोंचे गुडघे बोलायला लागल्यामुळे आम्ही बाहेरच्या बाकावर टेकलो. शेजारी एक आजोबा बसले होते. सत्तरी ओलांडलेले, कपड्यांत नीटनेटके, हातात कागदी कप. मी इमारतीचे फोटो जरा जास्तच काढत होते. त्यांनी विचारलं, सायकल भाड्याने हवी आहे का? मी म्हटलं, नाही, मी गाडीसाठी आले आहे.

"कुठली गाडी?"

"इथून जायची ती."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सरकून जागा केली, बाकावर जागा असूनही.

"ट्राम ना?" अहोंनी मध्येच विचारलं.

"ट्रेन," आजोबा म्हणाले. विषय संपला. दिसायला ट्राम असली तरी तिथल्या माणसांसाठी ती मम्बल्स ट्रेनच, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि एका शब्दावर कुणी असं खुंटा ठोकताना ऐकणं वेगळं.

शेवटची गाडी गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. ५ जानेवारी १९६०. थंडी होती आणि वडिलांनी हात घट्ट धरला होता, एवढं त्यांना स्पष्ट आठवतं. वरच्या मजल्यावर पुढे बसायला मिळावं म्हणून एरवी मुलांची मारामारी चाले. त्या दिवशी आत पाहुणे मंडळी होती. गाडी समोरून गेली तेव्हा वडिलांनी टोपी काढली. "आमच्याकडे मयत जाताना काढतात," त्यांनी समजावून सांगितलं. मी म्हटलं, कळलं.

ती गाडी चालवणारे फ्रँक डंकिन १९०७ पासून त्या रेल्वेत होते. म्हणजे वाफेच्या काळात लागले आणि शेवटचा ब्रेकही त्यांनीच लावला. रूळ उखडायला लगेच सुरुवात झाली. मला राग येतो तो १९५४ चा. त्या वर्षी संसदेच्या कायद्याला दीडशे वर्षं झाली म्हणून तिथे थाटात उत्सव झाला, घोड्याच्या डब्याची प्रतिकृतीसुद्धा बनवली. चार वर्षांनी बसवाल्या कंपनीने रेल्वे विकत घेतली आणि बंद करून टाकली. याआधीही हेच झालं होतं. १८२० च्या दशकात शेजारून टोलचा रस्ता झाला, घोड्यांच्या बस धावू लागल्या आणि रुळावरची प्रवासी गाडी थांबली ती थेट १८६० पर्यंत. दोन्ही वेळा बसनेच घात केला. आमच्या घरात बसबद्दल पहिल्यापासूनच फारसं प्रेम नाही, तरी हे जरा अतीच.

मी आजोबांना मुंबईची गोष्ट सांगितली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा बाबा गर्दीत उभे होते. "त्यांनीही टोपी काढली?" त्यांनी विचारलं. बाबा टोपी घालत नसत. पण मी हो म्हटलं. का, माहीत नाही.

मग त्यांनी विचारलं, भारतातून का? आणि खाडीपलीकडे बोट केलं. समोरच्या काठावर धुरकट निळ्या रंगात पोर्ट टालबटचा पोलाद कारखाना दिसत होता. तिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला विझली. मालक भारतीय आहेत. नाव सांगत नाही, आपल्या डब्यातलं मीठही त्यांच्याच घरचं. आता तिथे भंगारातून पोलाद करणारी विजेची भट्टी यायची आहे. आजोबांनी त्या कारखान्यात क्रेन चालवली होती, बरीच वर्षं. माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनीच घाईघाईने सांगितलं, "तुम्हाला काही म्हणत नाहीये हो." खरंच नव्हते म्हणत. पण पुढचे काही क्षण आम्ही तिघंही त्या काठाकडेच बघत बसलो. तिकडून धूर येत नव्हता. समोरच्या धुरावरून वारा कुठला ते कळायचं, असं ते मग म्हणाले.

उठताना मी शेडच्या कुलपाचं रडगाणं गायलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. गाडी तिथे पूर्ण नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, म्हणाले. दुसरी एक पूर्ण गेली होती, तिचं तर काहीच उरलं नाही. हे मलाही ठाऊक होतं. एक गाडी लीड्सला नेली होती. तिथली मिडलटन रेल्वे जून १९६० मध्ये बिनपगारी स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, ब्रिटनमध्ये नेहमीच्या रुंदीच्या (स्टँडर्ड गेज) रुळांवर असं पहिल्यांदाच झालं, आणि पहिल्या आठवड्यात माणसं बसली ती स्वॉन्झीहून आलेल्या या दुमजली गाडीत, डिझेल इंजिनामागे. पुढे गुंडांनी तिची नासधूस केली. जगातली पहिली प्रवासी रेल्वे मेल्यावरही कामाला लागली, आणि तिथेही तिला कुणी सांभाळलं नाही.

मम्बल्सला पोचलो तोवर ढग उतरले होते. धक्का १८९८ चा. गाडी शेवटी त्या धक्क्यापर्यंत यायची. ऑयस्टरमथचा किल्ला आम्ही खालूनच पाहिला, म्हणजे पाचवा झालाच. अहोंनी आइस्क्रीम खाल्लं आणि थंडी वाजते म्हणून माझी शाल घेतली.

परतीला बसशिवाय काही नव्हतं. चढताना मी नाक मुरडलं, ते ड्रायव्हरने बघितलं आणि बहुधा वेगळा अर्थ लावला. उजव्या हाताला भरतीचं पाणी पायवाटेच्या जवळ आलं होतं. ब्लॅकपिलच्या बाकावर आता कुणी नव्हतं. अहो डुलक्या घेत होते. मी बसच्या सीट मोजल्या. खात्री करायला पुन्हा एकदा मोजल्या. १०६ च्या जवळपासही नव्हत्या.