अंदमानला निघताना आधी तिथी बघा

नील बेटाच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. गाडीवाल्यानं थेट नॅचरल ब्रिजच्या वाटेवर नेऊन सोडलं आणि म्हणाला, "आधा घंटा." झाडीतून खाली उतरलो तर समोर नुसतं पाणी. पायवाट जिथं संपते तिथंच लाटा येऊन आपटत होत्या. नॅचरल ब्रिजची दगडी कमान लांबून दिसत होती, पण तिच्यापर्यंत जायला जमीनच नव्हती. आमच्यासारखीच अजून तीन-चार कुटुंबं तिथं उभी होती. त्यांनी लांबून फोटो काढले आणि निघून गेली.

मी सांगलीत नववीला भूगोल शिकवते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती. काटकोनात आले की भांगाची. ही आकृती मी बावीस वर्षं फळ्यावर काढतेय. त्या दिवशी शाकंभरी पौर्णिमा होती. म्हणजे पाणी जितकं वर चढलंय तितकंच ते खालीही जाणार, हे मला माहीत होतं. गाडीवाल्याला म्हटलं, आम्हाला आता हॉटेलवर सोडा आणि दुपारी अडीचला परत आणा. तो तयार नव्हता, कारण ठरलेल्या कार्यक्रमात दुपारी दुसरा किनारा होता. थोडे जास्तीचे पैसे देऊन त्याला राजी केलं. सगळ्या सहलीतला हा सर्वांत चांगला खर्च.

दुपारी त्याच जागी गेलो तर सकाळचा समुद्र तिथं नव्हताच. काळा-पिवळा, खाचखळग्यांचा प्रवाळी खडक लांबवर उघडा पडला होता. आम्ही कृष्णाकाठची माणसं. पावसाळ्यात सकाळी उठलं की सांगलीत पहिला प्रश्न असतो, आयर्विन पुलाला किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली ५७ च्याही वर गेलेलं पाणी आम्ही डोळ्यांनी बघितलंय. ते चढायला आणि उतरायला दिवसच्या दिवस लागतात. इथं पाच-सहा तासांत एवढं पाणी सरकलं. सासूबाई काठावर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं पाणी गेलं तरी कुठं?" वर्गात हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता.

तिथल्या एका वाटाड्याला सोबत घेतलं, आणि तुम्हीही घ्याच. बेटावरची बरीच कुटुंबं फाळणीनंतर पूर्व बंगालातून आणून वसवलेली, त्यामुळं त्या कमानीला तिथं 'हावडा ब्रिज' म्हणतात. त्या दादांनी कमान लांबूनच दाखवली आणि आम्हाला आधी डबक्यांकडं नेलं. ओहोटीला खडकातल्या खळग्यांत पाणी साठून राहतं, आणि पुढची भरती येईपर्यंत सगळे जीव त्यातच अडकून बसतात. एका खळग्यात काळपट, वांग्याएवढी समुद्रकाकडी पडलेली. दुसऱ्यात शेवाळलेल्या दगडात रुतून बसलेला एक शिंपला होता, आणि त्याच्या फटीतून गडद निळा, मखमलीसारखा ओठ बाहेर आलेला. दादांनी फक्त हात वर धरला. पाण्यावर सावली पडली आणि तो ओठ आत मिटला. थोड्या वेळानं हळूहळू परत उघडला. माझा अकरा वर्षांचा मुलगा पोटावर आडवा होऊन ते बघत राहिला. कमानीचा फोटो काढायचं आम्ही विसरूनच गेलो होतो. दादांनीच आठवण करून दिली.

तिथं जाताना पायात मागून पट्टा असलेली रबरी सँडल घाला. साध्या चपला खडकावर सटकतात आणि अनवाणी पाय कापतो. शेवाळावर पाय देऊ नका. वयस्कर माणसाला एका बाजूनं धरून न्यावं लागतं. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, अडुसष्टच्या, निम्म्यापर्यंत व्यवस्थित आल्या.

आता तिथीचं सांगते, कारण हे कुठला एजंट सांगत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. त्यामुळं "नॅचरल ब्रिज सकाळी दहा वाजता" असं कुठल्याही छापील कार्यक्रमात कायमचं लिहिता येत नाही. आज दुपारी तीनला उघडा असलेला खडक आठवड्यानं त्याच वेळी पाण्याखाली असेल. तारखा ठरल्या की पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवर बघा, कागदावर लिहून घ्या, आणि नीलचा कार्यक्रम त्याप्रमाणं लावायला एजंटला सांगा. जमत असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या एक-दोन दिवस इकडंतिकडं नीलवर असा, म्हणजे पाणी सर्वांत लांब हटतं.

आम्ही पौर्णिमा धरली, कारण आईंचं पक्कं होतं, "अवसेला कशाला निघायलाय?" मीही वाद घातला नाही. पण हॅवलॉक बेटावर गेल्यावर कळलं की तिथं रात्री छोट्या कयाक होड्यांतून चमकणारं पाणी बघायला नेतात. पाण्यातले सूक्ष्म जीव वल्ह्याचा धक्का लागला की निळसर उजळतात. त्याला काळोखी रात्र लागते; चांदण्यात काही दिसत नाही. म्हणजे अमावास्येला मोठी ओहोटीही मिळते आणि हेही. होडीवाल्यानं हे सांगितल्यावर आईच म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी अवसेलाच येऊ की." तुम्ही पहिल्याच वेळी अमावास्या धरा.

दुसरी गोष्ट सूर्याची. सांगलीचं रेखांश साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास, पोर्ट ब्लेअरचं पावणेत्र्याण्णवच्या. अठरा अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तास. घड्याळ मात्र तेच भारतीय. जानेवारीत तिथं पावणेसहाला चक्क उजाडलेलं असतं आणि संध्याकाळी सव्वापाचला सूर्य बुडतो. आपल्याकडं चहा होतो त्या वेळेला तिथं दिवस संपलेला असतो. "चारला निघू निवांत" असं म्हणालात तर सूर्यास्त गेला म्हणून समजा. आम्ही रोज पहाटे साडेचारला उठत होतो आणि रात्री आठला झोपत होतो. दोन दिवसांत सवय होते.

बाराटांग बेटाला जाताना मात्र त्याहूनही लवकर, पहाटे अडीच-तीनच्या सुमारास निघावं लागतं. जिरकाटांगच्या चौकीवर ओळखपत्रं तपासतात आणि गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळीच, पोलिसांबरोबर सोडतात. पुढचा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथं थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. हा कायदा आहे आणि मोडला तर शिक्षा होते. आमच्या मागच्या गाडीतले लोक चौकीवर "दिसतील का, दिसतील का" असं मोठ्यानं विचारत होते. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. आपण त्यांच्या अंगणातून जातो आहोत. मुलं बरोबर असतील तर हे आदल्या रात्रीच समजावून सांगा. आम्ही सांगितलं होतं आणि मुलगा सगळा रस्ता पुढं बघत बसला होता.

ताफ्याचा रस्ता संपला की खाडी तराफ्यानं ओलांडायची आणि मग छोट्या यांत्रिक होडीतून चुनखडीच्या गुहांकडं जायचं. होडी मोठ्या खाडीतून एकदम कांदळवनातल्या अरुंद फाट्यात शिरते. दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत गुंतलेल्या, इंजिन मंद केलेलं, आणि चिखलातून वर आलेली मुळं हाताच्या अंतरावर. पुढं साधारण दीड किलोमीटर चालायचं आहे, थोडं शेतातून, थोडं झाडीतून. ऊन नसलं तरी दमटपणानं घाम थांबत नाही. पाणी बरोबर घ्या, वाटेत लिंबूपाणीही मिळतं.

गुहेत अंधार आहे, वाटाडे बॅटरीच्या उजेडात दाखवतात. छताला लटकणारे लवणस्तंभ आणि खालून वर येणारे, दोन्ही आहेत. पावसाचं पाणी झिरपताना चुनखडी विरघळवत आणतं आणि प्रत्येक थेंब टपकण्याआधी तिचा एक पापुद्रा मागं सोडतो. एका स्तंभाच्या टोकाला तसा थेंब लोंबत होता. मी उभी राहिले, तो पडेपर्यंत मागची माणसं दोनदा पुढं निघून गेली. ज्यांना लोकांचे हात लागलेत ते स्तंभ काळे आणि तुळतुळीत दिसतात. हाताचं तेल बसलं की नवा थर धरत नाही. कृपा करून हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

चिखलाचा ज्वालामुखी बाराटांगलाच आहे. तिथं आग आणि धूर नाही. जमिनीखाली कुजलेल्या पदार्थांतून निघणारा वायू ओल्या मातीला वर ढकलतो, राखाडी चिखलाचा एक बुडबुडा फुगतो आणि फुटतो. मला ते बघायला फार आवडलं. पण मोठं काही बघायला मिळेल या अपेक्षेनं जाऊ नका, आणि पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर वगळा. गुहा मात्र वगळू नका.

हॅवलॉकला दोन रात्री होतो. राधानगर किनारा आहेच तसा: पांढरी वाळू, मागं उंच झाडांची भिंत, आणि त्या झाडांखाली सावलीत बसायला जागा. पोहण्यासाठी झेंडे लावून हद्द दाखवली आहे, तिच्या बाहेर जाऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं आणि कांदळवनाजवळ पाण्यात अजिबात उतरू नका, सूचनेचा फलक नसला तरी.

पाण्याखालचं बघायला एलिफंट किनारा. धक्क्यावरून होडी जाते, जंगलातून पायवाटही आहे. सकाळची पहिली होडी धरा. गर्दी वाढली की वाळू ढवळून पाणी गढूळ होतं. पोहता येत नसलं तरी चालतं, हवेचं कडं आणि जॅकेट घालून माणूस तुम्हाला ओढत नेतो, तुम्ही फक्त तोंड पाण्यात घालून बघायचं. मला त्या नळीतून श्वास जमायला दहा मिनिटं लागली. मग कान पाण्याखाली गेले आणि कटकट, कटकट असा आवाज यायला लागला, कुणी दूर सुपारी कातरावी तसा. समोर हिरवा-निळा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत होता. तो प्रवाळ त्याच्या पोटात दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. आदल्या दिवशी ज्या पांढऱ्या वाळूवर बसलो होतो, त्यातली काही अशी तयार झालेली. पाण्यात उतरताना अंगाला सनस्क्रीन क्रीम फासू नका, प्रवाळाला त्यातली रसायनं बाधतात. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. आणि प्रवाळावर उभं राहू नका, तो दगड दिसला तरी जिवंत असतो.

सेल्युलर जेलवर मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की मी भर घालत नाही. पोर्ट ब्लेअरला पहिल्याच दुपारी आम्ही तिथं गेलो आणि आईंनी सावरकरांच्या कोठडीसमोर बराच वेळ हात जोडले. रॉस बेटावर वडा-पिंपळाच्या जातीतल्या झाडांच्या मुळांनी इंग्रजांच्या भिंती अक्षरशः मुठीत धरल्या आहेत, ते बघण्यासारखं आहे. जॉलीबॉय बेटाला परवाना आणि वेळ दोन्ही लागतात, आम्हाला जमलं नाही.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं २०१८ पासून. आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम. तिकिटावर एक आणि बोलण्यात दुसरं असं चालतं. बेटांमधल्या सरकारी बोटी खासगीपेक्षा बऱ्याच स्वस्त, पण तिकिटं लवकर संपतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यायची, चढल्यावर उपयोग नाही. रोख पैसे पुरेसे ठेवा. शाकाहारी जेवण सगळीकडं मिळालं. आईंनी नेलेलं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी तरीही तिसऱ्या दिवशी संपली.

आम्ही मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला गेलो, एक रात्र विमानतळाजवळ काढली आणि दुसऱ्या सकाळचं विमान धरलं. एजंटनं परतीच्या दिवशीच नीलहून बोट आणि दुपारचं विमान असं लावलं होतं. ते आम्ही भांडून बदलून घेतलं आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवली. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, विमान थांबत नाही. शेवटची रात्र बेटावर काढू नका.

शिंपले आणि प्रवाळ, मेलेले पडलेले असले तरी, उचलून आणायला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. मुलाच्या खिशात लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सापडलेला बोटभर पांढरा तुकडा होता. नीलहून निघायच्या सकाळी आम्ही परत किनाऱ्यावर गेलो. भरती चढत होती. त्यानं तो तुकडा पाण्याच्या रेघेच्या थोडा पुढं ठेवला, आणि लाट तिथवर येईपर्यंत आम्ही तिघं थांबलो.