ते रीडिंग फेकून द्यायचं?

"हे रीडिंग धरू नकोस, मध्येच उडी मारलीय." होडीत शेजारी बसलेला सहकारी सहज बोलून गेला, पण ते काही डोक्यातून जात नाहीये.

तळ्यातून हवेत किती मिथेन जातो ते मोजायला पाण्यावर तरंगता चेंबर, म्हणजे एक डबा, उपडा ठेवला होता. आत साठणाऱ्या मिथेनची रेघ स्क्रीनवर संथपणे, सरळ चढत होती. तेवढ्यात चेंबरखाली दोन-चार बुडबुडे फुटले आणि रेघ पायरीसारखी एकदम वर गेली. रेघ सरळ नाही म्हणजे मोजमाप बिघडलं, असा हिशेब.

पण बिघडलं काय? तळाच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नाही तिथे, सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. तो पाण्यात विरघळून हळूहळू वर येऊ लागला, तर वाटेत दुसरे जीवाणू त्यातला बराचसा खाऊन टाकतात. बुडबुडा मात्र त्यांना चुकवून थेट हवेत पोचतो. उथळ तळ्यांत तर कित्येकदा मिथेनचा मोठा वाटा असाच बाहेर पडतो. आणि १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवणारा!

फक्त विसरण, म्हणजे विरघळून हळूहळू बाहेर पडणारा मिथेन, मोजायचं असेल तर ती उडी वेगळी काढावी लागते, हे मान्य. पण वहीतूनच खोडायची? मी ती ठेवलीय, वेळेसकट, पुढे 'बुडबुडे' लिहून.

तळ्यांवर काम करणारे इथे बरेच आहेत. तुम्ही अशा रीडिंगचं काय करता?