स्विफ्टची वही, नोंद चौथी: चार टायर आणि दोन खडू

पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवर '१६५/८० आर १४' असं उठावात लिहिलेलं होतं. त्यातला '१६५', म्हणजे रुंदीचा आकडा, गेला. वळणात गाडी ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर, चालायचं सोडून साइडवॉलवर, म्हणजे बाजूवर, लोळत होती, आणि ती अक्षरं कुपवाडच्या सिमेंटनं खाल्ली. ट्रेडचा मधला पट्टा मात्र जवळजवळ नवाकोरा. मागच्या नोंदीत 'आता स्प्रिंग' असं छाती ठोकून लिहिलं होतं, ते मागे घेतो. आधी टायर.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख. २०१२ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.२ लिटर पेट्रोल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सीटच्या वर पाणी गेलेली, म्हणून सांगलीत तिला कुणी हात लावेना, आणि म्हणूनच ती माझ्या खिशाला झेपली. वायरिंग, कार्पेट आणि क्लचचं रामायण पहिल्या तीन नोंदींत होऊन गेलंय. वजन टनापेक्षा जरा कमी, पुढची चाकं ओढतात, इंजिनाला अजून हात लावलेला नाही.

आम्ही पळवतो दोन ठिकाणी. एक, कुपवाड एमआयडीसीत एका बंद शेडपुढचं सिमेंटचं आवार. मालकाच्या परवानगीनं, रविवारी सकाळी, प्लॅस्टिकचे कोन मांडून, त्यांच्यातून एकेक गाडी घड्याळ लावून. अशा एका फेरीला आम्ही रन म्हणतो. दोन, उन्हाळ्यात मिरजेच्या पूर्वेला एका मित्राच्या माळावर, मातीत. दोन्हीला एकच टायर चालेल का, यावर मी पंधरा दिवस डोकं खाजवलं. नाही चालत. मातीवर अरुंद, मोठ्या गाठींचा टायर बरा, कारण त्याला वरचा भुसा कापून खालच्या कडक थराला धरायचं असतं. सिमेंटवर रबर जितकं जास्त टेकेल आणि गाठी जितक्या कमी वाकतील तितकं चांगलं. एकाच चपलेत शेत आणि लग्न उरकायला गेलं की दोन्हीकडे हसं होतं. जुने १६५ मातीसाठी ठेवून दिले आणि सिमेंटसाठी वेगळा सेट शोधायचं ठरवलं.

साईजचं गणित मी टायरच्या आधी केलं, हे एक काम या सगळ्यात बरोबर झालं. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा डिस्कचा, म्हणजे आतल्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. त्या हिशोबानं जुन्या टायरची बाजू १३२ मिमी उंच. म्हणजे चार बोटं आणि वर अंगठा, एवढी उंच रबराची भिंत. स्टिअरिंग वळवलं की आधी ती भिंत वाकणार, मग डिस्क सरकणार, आणि मग कुठं गाडी वळायचा विचार करणार. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, कंपनीच १८५/६५ आर १५ देत होती. त्याची बाजू १२० मिमी आणि पूर्ण व्यास जवळजवळ जुन्याइतकाच, ६२० च्या जागी ६२२ मिमी. सगळ्यात बिनधोक पर्याय तोच. मी त्याच्या एक पायरी पुढे १९५/५५ आर १५ वर गेलो. बाजू १०७ मिमी, पूर्ण व्यास ५९६. म्हणजे भिंत २५ मिमीनं बुटकी आणि चाक जवळपास ४ टक्क्यांनी लहान.

चाक लहान झाल्याचा एक फुकटचा फायदा: प्रत्येक गिअर तेवढ्याच टक्क्यांनी आखूड होतो. आमची रन बहुतेक सगळी दुसऱ्या गिअरमध्ये जाते, त्यामुळे कोनातून बाहेर पडताना ओढ जाणवण्याइतकी वाढली. इंजिन न उघडता मिळालेली ही वाढ मला तरी स्वस्त वाटली. तोटा असा की मीटर आता वेग जास्त दाखवतो आणि गाडी १२ मिमी खाली बसली. हे १२ मिमी कारखाने सुरू झाल्यावर समजतात. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडेला खड्डे पाडलेले, वर ऊस सांडलेला, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाला डोंगराएवढा स्पीडब्रेकर. बुटक्या बाजूचा टायर खड्ड्यात आपटला की डिस्क आणि खड्ड्याची धार यांच्यात चिमटा बसून बाजू फुगते. तासगाव रस्त्यावर मी हल्ली म्हाताऱ्यासारखी गाडी चालवतो.

आता कंपाऊंड, म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण. इथं माझे दोन महिने गेले.

परदेशातले व्हिडिओ बघून डोक्यात एकच गोष्ट बसली होती: ॲडव्हान निओव्हा नाहीतर पोटेंझा आरई-७१आरएस. अमेरिकेत एससीसीए या क्लबच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे आमच्यासारख्याच कोनांच्या शर्यतीला, स्ट्रीट वर्गात ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, कमी तितका टायर लवकर झिजणारा) किमान २०० लागतो, त्या हद्दीवर बसवून बनवलेले हे टायर. आपल्याकडे गोष्ट वेगळी. जून २०२० पासून नव्या टायरची आयात सरकारनं प्रतिबंधित यादीत टाकली, म्हणजे आणायला परवाना हवा. शिवाय आयएसआय मार्क लागतो. कुणीतरी 'आणून देतो' म्हणालं तर आधी त्याला हे दोन प्रश्न विचारा, बहुतेक वेळा बोलणं तिथंच संपतं.

मग जुन्या सेमी-स्लिकचा, म्हणजे अगदी कमी खाचांच्या शर्यती टायरचा, मोह झाला. एकानं सर्किटवरच्या गाडीचे उतरवलेले चार टायर दाखवले. ट्रेड भरपूर, किंमत निम्म्याहून कमी, आणि मी आगाऊ रक्कम द्यायलाच निघालो होतो. मिरज रस्त्यावरचे आमचे टायरवाले मामा सोबत होते म्हणून वाचलो. मामांनी आधी बाजूवरचे शेवटचे चार आकडे शोधले: अगदी स्वच्छ '१११७', म्हणजे २०१७ सालचा अकरावा आठवडा. मग म्हणाले, "नख लाव." लावलं. उमटेना.

"पावणं, ह्ये टायर न्हवं, दगूड हाय. वरवंटा करून घ्या."

माझा तरी विश्वास बसेना, म्हणून एमआयडीसीत रबरी सील बनवणाऱ्या मित्राकडून कडकपणा मोजायचं शोअर-ए मीटर आणलं. आकडा जास्त तितकं रबर कडक. त्या 'सेमी-स्लिक'वर आकडा आला ७४. माझ्या घासलेल्या जुन्या टायरवर ६८. ट्रेड दिसतो, वय दिसत नाही. रबर उन्हानं आणि पुन्हापुन्हा तापून-थंड होऊन कडक होत जातं. बरं, ते टायर ताजे असते तरी आमच्या कामाचे होते का, याचीही आता मला शंका आहे. सर्किटचं कंपाऊंड तापल्यावर चिकटतं. आमची रन पन्नास सेकंदांची, मध्ये वीस मिनिटं गप्पा आणि चहा. थंडीत सकाळी आठला टायर तापायच्या आत रन संपलेली असते. आपल्याला थंड असतानाच पकडणारा टायर हवा.

ट्रेडवेअरच्या आकड्याबद्दल थोडं, कारण यावर मी स्वतः फसलो होतो. तुलनेचा एक टायर १०० धरतात, गाड्यांचा ताफा ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किमी फिरवतात, आणि झीज बघून आकडा देतात. देते कोण? कंपनी स्वतः. त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० शेजारी ठेवून फार काही कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत मात्र कळतं. त्याच्या शेजारी ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, एए, ए, बी असं अक्षर असतं. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेलं असतं, वळणाशी त्याचा काही संबंध नाही. मी 'एए' बघून हुरळलो होतो. आपल्याकडे हे आकडे छापायची सक्ती नसल्यानं काही टायरवर ते सापडतच नाहीत, तेव्हा दुकानात मोबाइलची बॅटरी लावून शोधत बसायची तयारी ठेवा.

शेवटी घेतलं ते असं: इथंच बनलेले, १९५/५५ आर १५ ८५ व्ही, ट्रेडवेअर २८०, तारीख ३८२४. मामांकडे त्या आठवड्यात या साईजचे दोन कंपन्यांचे टायर होते. एकाचं नाव मोठं होतं, पण तारीख दीड वर्ष जुनी आणि ट्रेडवेअर ४२० होता. मी नावाला सोडलं. गठ्ठ्यातला एकेक टायर हातात घेऊन अंगठ्यानं बाजू दाबून बघितली, मामा वैतागले, पण खांद्याच्या, म्हणजे ट्रेडच्या कडेच्या, गाठी एकमेकींना जोडलेल्या आणि बाजू ताठ असा हाच सापडला. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, गाडीला भरपूर झालं. डिस्क जुन्या बाजारातल्या अलॉय, १५ बाय ६, चार बोल्ट १०० मिमी. मधलं भोक मोठं होतं, त्यात रिंग बसवली. ती नसेल तर बॅलन्सिंग कितीही करा, ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं.

दाजींच्या हळदीच्या अडतीत काटा आहे. पोत्यांच्या मध्ये चाकं ठेवून वजन केलं. जुनं चाक टायरसकट १३.८ किलो, नवं १५.१. म्हणजे अलॉय घेऊनही चाक सव्वा किलोनं जड झालं. 'अलॉय म्हणजे हलकं' हे मी पाच वर्षं लोकांना सांगत आलोय. दाजींनी हळदीचा भाव सांगून विषय बदलला, भला माणूस.

नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेला थर असतो, तो उतरेपर्यंत रन करायची नाही. त्या निमित्तानं आईला नरसोबाच्या वाडीला दोनदा आणि औदुंबरला एकदा नेलं. आईचं म्हणणं, नवीन टायरात गाडी जास्त आदळते. बरोबर आहे तिचं.

पहिला रविवार. जुन्या टायरवर डिसेंबरमधली माझी सगळ्यात चांगली वेळ ५४.८ सेकंद. नव्यावर तिसऱ्या रनला ५२.६. सव्वादोन सेकंद! मी पेढे वाटायच्या बेतात होतो. मग मारुती ८०० वाला आमचा दोस्त म्हणाला, "आज आवार झाडलंय, भावा. माझाही सेकंद कमी झालाय." आणि खरंच होतं ते. सिमेंटवरची धूळ पहिल्या पाचसात गाड्या उडवतात, त्यानंतर पळणाऱ्याला आयतं मिळतं. डिसेंबरमध्ये मी सगळ्यात आधी पळालो होतो.

म्हणून पुढच्या रविवारी जुनी चारही चाकं मागच्या सीटवर आणि डिकीत कोंबून नेली. आधी नवे टायर, तीन रन. मग जॅक लावून जुने, तीन रन. मग पुन्हा नवे, तीन रन. चाकं बदलण्यातच सकाळ गेली, चहा दोनदा थंड झाला. प्रत्येक तीनातली चांगली वेळ: ५३.०, ५४.२, ५२.६. पहिल्या आणि तिसऱ्यातला ०.४ चा फरक आवाराचा आणि माझ्या हाताचा. त्यांची सरासरी ५२.८, म्हणजे टायरचा खरा फायदा १.४ सेकंद. पुतणी मोबाइलवर वेळ घेते, तिच्या बोटाचे एकदोन दशांश इकडेतिकडे धरा. कुणी नुसतं 'टायर बदलले आणि दोन सेकंद गेले' असं सांगितलं, तर मधे जुने परत लावले होते का, ते विचारा.

हवेचं काम खडूनं केलं. खांद्यावरून बाजूपर्यंत चार ठिकाणी रेघा ओढायच्या, रन करायची, खडू कुठपर्यंत पुसला ते बघायचं. बाजूवर छोटा त्रिकोण असतो, तिथपर्यंत पुसला तर ठीक, त्याच्या खाली गेला तर हवा कमी. पुढं ३८ पीएसआयपासून सुरुवात केली तर खडू त्रिकोणाच्या बराच वर राहिला आणि गाडी उड्या मारत सरकत होती. ३३ वर पुन्हा बाजूवर लोळायला लागली. ३५ वर बसली. मागं उलटं केलं, ३४ वरून ४० वर नेली. मागची पकड थोडी कमी झाल्यावर नाक बाहेर ढकलणारी गाडी शेपूट फिरवून आत यायला लागली. हा बदल फक्त रनपुरता, घरी जाताना हवा पुन्हा दारावरच्या स्टिकरप्रमाणे. जानेवारीत सकाळी १४ अंश आणि दुपारी ३० असतात. साडेपाच-सहा अंशाला साधारण एक पीएसआय या हिशोबानं काहीच न करता ३५ चे ३८ होतात, म्हणून दर दोन रननंतर मोजतो. गेज एकच वापरा, खोटं असलं तरी एकच.

आता खरा मुद्दा, जो खडूनं आधीच सांगितला होता आणि मी ऐकला नव्हता. रन संपल्यासंपल्या इन्फ्रारेड तापमापीनं पुढचा डावा टायर मोजला: बाहेरचा खांदा ६१, मध्य ५२, आतला ४७. पृष्ठभाग झटकन थंड होतो, त्यामुळे आकडे काटेकोर नाहीत, पण उतार स्पष्ट आहे. वळणात गाडी कलते, स्ट्रट (चाकाला धरणारा स्प्रिंग-शॉकचा खांब) सोबत कलतो, चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं आणि आतला तिसरा हिस्सा रबर नुसतं बघत बसतं. १९५ घेतले खरे, वापरतोय १३० सुद्धा नाही. '१६५' हा आकडा घासून गेला त्याचं कारण निम्मं उंच बाजू आणि निम्मं हेच होतं. याहून मऊ कंपाऊंड घेतलं असतं तर बाहेरचा खांदा फक्त जास्त लवकर उडाला असता.

त्यामुळे पुढच्या दोन्ही स्ट्रटसाठी कॅम्बर बोल्ट मागवलेत. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरची कड आत. सव्वा अंश उणे मिळाला तरी पुष्कळ. अलाइनमेंटवाला आधीच कुरकुरतोय, कारण त्याचा कॉम्प्युटर तो आकडा लाल दाखवणार आणि पावतीवर लाल आलं की गिऱ्हाईक भांडतं. त्याला सांगितलंय, पावतीच नको, आणि टो शून्यावर आणून दे, म्हणजे दोन्ही चाकं सरळ पुढं बघतील.

बोल्ट शुक्रवारी येतील. रविवारी पुढचे टायर डावे-उजवे न बदलता तसेच ठेवणार, म्हणजे तापमानाची तुलना होईल. खडू या वेळी दोन रंगांचे आणलेत, आतल्या खांद्याला पिवळा.