मामांनी खडूने खूण केलेला स्टे

फोंड्याजवळच्या एका शेडमध्ये आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी जमून वाफेवर चालणारा जुना रोड रोलर दुरुस्त करतोय. बघायला येणारे हमखास विचारतात, "धूर कधी काढणार?" रंग झालाय, पितळ लखलखतंय, मग अडलंय कुठे? अडलंय बॉयलरपाशी, आणि तिथे अडायलाच हवं.

परवाच्या रविवारी बॉयलर तपासणाऱ्या सरकारी इन्स्पेक्टरांना बोलावण्याआधीची आमची घरची चाचणी होती. बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरायचा, आतली हवा काढायची आणि हातपंपाने दाब चढवायचा. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे कुठे फुटलंच तर पाणी उडतं आणि दाब लगेच उतरतो. वाफेचा भरवसा नाही. एक लिटर पाणी उकळून वाफ झालं की मोकळ्या हवेत सोळाशे लिटरहून जास्त जागा घेतं.

पाणी भरण्याआधी मामा जाळी काढून फायरबॉक्सखाली, म्हणजे बॉयलरच्या भट्टीखाली, आडवे झाले. मामा कुळ्याच्या मीटरगेज शेडमधले निवृत्त बॉयलरमेकर. तिथून कॅसलरॉकला चढताना 37 फुटांमागे 1 फूट चढ, गाडीला मागूनही इंजिन लावावं लागायचं. अशा घाटावरच्या इंजिनांवर त्यांचा कान तयार झालेला.

फायरबॉक्सची भिंत आणि बाहेरचं कवच यांना धरून ठेवणारे आखूड दांडे म्हणजे स्टे. मामा छोट्या हातोडीने एकेक ठोकत गेले. टण्ण, टण्ण, टण्ण. मग एकदम ठप्प. तोच पुन्हा ठोकला, बोट लावून पाहिलं आणि खडूने फुली मारली. मला दोन्ही आवाजांत फरक कळायला बराच वेळ लागला, पण एकदा कळल्यावर तो विसरणं शक्य नाही.

दुपारी पंप सुरू केला. काटा निम्म्यावर गेला नसेल, तोच फुलीच्याच स्टेच्या बाहेरच्या टोकाला थेंब धरला. त्या टोकाला मुद्दाम पाडलेलं बारीक भोक असतं. स्टे आत तुटला की पाणी तिथून बाहेर येतं.

आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "मामा, एकच तर आहे. वरून वेल्ड मारूया?"

"भोक बुजवलंस तर तो तुटलाय हे कळणार कोणाला रे?"

पंप तिथेच थांबवला. पाणी सोडून दिलं. आता तो स्टे ड्रिलने काढून नवे आटे पाडायचे आणि नवा बसवायचा. त्याचा भार इतके दिवस शेजारच्यांनी उचललाय, म्हणून तेही मामा पुन्हा ठोकून बघणार आहेत, आणि या खेपेला हातोडी त्या पोराच्या हातात असेल. इन्स्पेक्टरांना पत्र त्यानंतरच.