माँतोनेची सावली

इटलीतल्या पेरुजाहून निघालो तेव्हाच आभाळ भरून आलं होतं. मुलगी तिथे शिकते, त्यामुळे गाडी तिने चालवायची आणि मी गप्प बसायचं असं ठरलेलं. उत्तरेला टायबर नदीच्या खोऱ्यातून रस्ता जातो. तंबाखूची शेतं, मग उंबर्तिदे, मग एक चढण, आणि टेकडीच्या माथ्यावर तटबंदीतलं दगडी गाव: माँतोने. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातल्या कांद्याच्या फोडणीचा वास थेट नाकात. गाडी खाली लावून चढत आलो. दम लागला, पण तो मी खोकल्यावर ढकलला.

लोक इथे मध्ययुगीन इटली बघायला येतात. आम्ही आलो होतो माणगावच्या माणसासाठी.

मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्याला माणगाव म्हणजे ट्रॅफिक. गणपतीला तर तासतासभर. आमचं गाव त्याच्या पुढचं, म्हणून लहानपणी एसटी तिथे थांबली की वडापाव, लघवी आणि परत आपली सीट धरायची, एवढंच माणगाव मला ठाऊक होतं. तहसील कचेरीपुढे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. त्यावरून कित्येकदा गेलो असेन. कोणीतरी स्वातंत्र्यसैनिक असतील, असं मी चाळिशीपर्यंत धरून चाललो होतो. कबूल करायला लाज वाटते, पण तसंच होतं.

नाईक यशवंत घाडगे, 5वी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म 1921. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती, हाताखाली एक सेक्शन, आठ-दहा जवान. दुसरं महायुद्ध चालू होतं. 1944 च्या जुलैमध्ये ब्रिटिशांच्या फौजेतली 10वी हिंदी डिव्हिजन याच खोऱ्यातून टेकड्यांमागून टेकड्या घेत वर सरकत होती आणि जर्मन माथ्यांवर मशीनगन लावून बसले होते. 10 जुलैला घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मारा झाला. एकूण एक जवान पडला, कोणी मेला, कोणी जखमी. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा उडवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता. मग बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार मारलं. लगेच दुसरीकडून नेमबाजांच्या गोळ्या आल्या आणि तेही गेले. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मरणोत्तर मिळाला.

हे मी मुलीला गाडीतच सांगितलं होतं. दस्त्याचा भाग सांगताना अडखळलो. ग्रेनेड, गोळी हे आपण सहज बोलून जातो. नळी धरलेले हात मात्र डोळ्यांसमोर येतात. जुलैचं ऊन, तापलेलं लोखंड. ती म्हणाली, "बाबा, ते दोघं केवढे असतील?"

"असेच. वीस-बावीस."

पुढचं वळण येईपर्यंत ती काही बोलली नाही.

दोन दिवस आधी आम्ही रोमहून आगगाडीने कासिनोला गेलो होतो. डोंगरावर मठ, खाली राष्ट्रकुलाचं युद्ध-स्मशान. गवत इतकं नेटकं की चप्पल काढून चालावंसं वाटावं. ज्यांची कबर सापडत नाही अशा चार हजारांहून जास्त जणांची नावं तिथे हिरव्या संगमरवरावर कोरलेली आहेत. घाडगे त्यांच्यातच. म्हणजे माणूस पडला या टेकड्यांत, नाव तीनेकशे किलोमीटर दक्षिणेला, पुतळा माणगावात. आणि देह कुठे, त्याची खूण नाही. तिथून थोड्याच अंतरावर कायरा इथे जर्मनांचं स्मशान आहे, वीस हजारांवर. तिकडेही जाऊन आलो. का गेलो, नीट सांगता येणार नाही. गाडीतल्या तिच्या प्रश्नानंतर मात्र ते बरं झालं असं वाटलं.

माँतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या युद्ध-इतिहासकारांनी 2023 च्या जुलैमध्ये घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. तेही पुतळा वगैरे नाही, चक्क सूर्यघड्याळ. ब्रीद लॅटिनमध्ये आहे. अर्थ असा: आपण सारे एकाच सूर्याखाली. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, 5,782 परतले नाहीत. आमच्या शाळेच्या इतिहासात इटली आली ती मॅझिनी-गॅरिबाल्डीपुरती. या पोरांचा धडा नव्हता. परक्या राजासाठी लढले म्हणून असेल. पण पळसगावच्या घरात जी तार आली असेल, तिच्यात हा हिशेब कुठे होता?

घड्याळापाशी उभे राहिलो, तर ऊनच नाही. सावली नाही म्हणजे वेळही नाही. इतक्या लांब येऊन बंद घड्याळ! मी तोंड वाकडं केलं आणि पिशवीतून आणलेली पळसगावची चिमूटभर माती कागदाच्या पुडीतून खाली सोडली. पुडी घरी बांधताना फार थोर वाटत होतं. इथे दोन बोटांत मावेल एवढी लाल धूळ पडली आणि भुरभुरत्या पावसाने लगेच भिजवून टाकली.

मुलीने मोबाइलचा टॉर्च लावला आणि हात उंच करून काट्यावर धरला. बारीक, काळी सावली उमटली. ती हात सरकवेल तशी सावली फिरायला लागली.

"किती वाजले?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तितके," ती म्हणाली, आणि हात दुखेपर्यंत तशीच उभी राहिली.