एकशे आठ वर्षं आणि माझी आंघोळ

२०१६ च्या दिवाळीत मी रोज पहाटे पाचला उठत होतो, आणि आईला दोन दिवस वाटलं की पोरगा सुधरला. उटणं, अभ्यंगस्नान वगैरे. मी उठत होतो शिकागोच्या बेसबॉल टीमसाठी. हे आमच्या रावेर साईडला आजही कोणाला सांगितलं तर तो आधी माझ्याकडे नीट बघतो आणि मग विचारतो, भो तुझी तब्येत ठीक आहे ना.

टीमचं नाव कब्स, म्हणजे अस्वलाची पिल्लं, पण मित्रांनी पहिल्याच दिवशी त्याचं कब्ज करून टाकलं. मॅच हरली की "इसबगोल घे रे". आठ वर्षं हाच एक जोक, आणि आठही वर्षं ते हसले.

सुरुवात शाळेतल्या सॉफ्टबॉलपासून. मी थर्ड बेसला उभा राहायचो. एका मॅचला शेवटचा आउट माझ्याकडे आला, अगदी हळू घरंगळत आलेला बॉल, उचलला आणि घाईत फर्स्ट बेसवर उभ्या पोराच्या डोक्यावरून भिरकावला. दोन रन, मॅच गेली, सर काहीच बोलले नाही, ते जास्त लागलं. पुढे २००८ ला आतेभाऊ नोकरीसाठी शिकागोला गेला आणि त्याने निळी टोपी पाठवली. टोपीवरून टीम शोधली तर कळलं की हे लोक शेवटचे चॅम्पियन झाले १९०८ ला. म्हणजे बरोब्बर शंभर वर्षं. मला वाटलं वा, आता जिंकतीलच. त्या वर्षी त्यांनी सीझनला ९७ मॅच जिंकल्या आणि प्लेऑफच्या पहिल्याच राऊंडला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून ३-० ने झोपले. २०१२ ला तर १०१ मॅच हरले. एवढं हरायला पण सातत्य लागतं.

मग हळूहळू त्यांचा सगळा इतिहास वाचून काढला. १९४५ ला वर्ल्ड सीरिजला (म्हणजे सात मॅचची फायनल, चार जिंकेल तो चॅम्पियन) एक हॉटेलवाला आपला बोकड घेऊन मॅच बघायला गेला, बोकडाला बाहेर काढलं, मालकाने शाप दिला अशी गोष्ट आहे, आणि त्यानंतर ७१ वर्षं टीम वर्ल्ड सीरिजला पोचलीच नाही. अमेरिकेसारख्या देशात बोकडाचा शाप! आमच्या गावात हे कोणाला पटवायची गरजच नाही पडली. पण मला छळायची ती २००३ ची मॅच. फायनलला जायला फक्त पाच आउट हवे होते, ३-० ने पुढे होते, आणि त्या एकाच इनिंगमध्ये समोरच्यांनी आठ रन काढले. संपलं.

ही गोष्ट मी एकदा आप्पांना सांगितली होती. आप्पांना बेसबॉल म्हणजे काय ते माहीत नाही, पण पाच आउट बरोबर कळले. आमची केळी आहे. केळी लावल्यापासून वर्ष जातं, पाणी, खत, खांबांना टेकू, आणि मग मे-जूनमध्ये कापणी आठ दिवसांवर आली की एका संध्याकाळी वारा सुटतो आणि अर्ध्या तासात सगळा मृगबाग (मृगात लावलेली केळी) आडवा. आमच्याकडे झालंय ते. दुसऱ्या दिवशी आप्पा बांधावर बसून होते, पडलेल्या खांबांकडे बघत पण नव्हते. तेव्हापासून त्यांचं एकच, "घड गाडीत चढत नाही तोवर केयी आपली म्हनू नको."

म्हणून २०१६ ला कब्सने १०३ मॅच जिंकल्या तरी मी खूश नव्हतो. खरं सांगतो, टीम हरत असते तेव्हा मजेत असतो माणूस, दोन शिव्या द्यायच्या आणि झोपायचं. जिंकायला लागली की झोप जाते. सॅन फ्रान्सिस्कोला हरवलं, डॉजर्सला ४-२ ने हरवलं, वर्ल्ड सीरिजला पोचले, आणि माझ्या पोटात गोळा.

समोर क्लीव्हलँड, तेही १९४८ पासून उपाशी. आपली आणि त्यांची वेळ अशी की तिथली रात्र म्हणजे आपली पहाट, आणि सगळा घोळ नेमका दिवाळीत. गावात रेंज फक्त घराच्या धाब्यावर (आता स्लॅब आहे पण आम्ही धाबंच म्हणतो), म्हणून गोधडी अंगावर घेऊन वर बसायचं आणि आतेभावाच्या अकाउंटवरून शिकागोच्या रेडिओची कॉमेंट्री ऐकायची. नरकचतुर्दशीला तिसरी मॅच, आईने मधेच आंघोळीला खाली ओढून नेलं, कब्स १-० ने हरले. त्याच दिवशी विशाखापट्टणमला आपण न्यूझीलंडला ७९ मध्ये गुंडाळलं, अमित मिश्राच्या पाच विकेट, सगळं गाव फटाके फोडतंय आणि मी तोंड पाडून चकली खातोय. लक्ष्मीपूजनाच्या पहाटे चौथी मॅच, परत आंघोळ करून बसलो, ७-२ ने हरले. सीरिज ३-१ अशी क्लीव्हलँडकडे. संध्याकाळी पूजेत पाचशे-हजारच्या नोटा मांडल्या होत्या (त्यांचं नऊ दिवसांनी काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे), मी हात जोडून मागितलं ते मात्र पैशाचं नव्हतं.

पाडव्याला मी ठरवलं, आंघोळ नाही. मॅच संपेपर्यंत नाहीच. आईने काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. ३-२ ने जिंकले! मग काय, नियमच झाला. सहावी मॅच भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ताई अजून माहेरीच होती, ती म्हणे आप्पा याला डॉक्टरला दाखवा, तिकडे कब्सच्या अॅडिसन रसेलने ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) मारला, ९-३ ने जिंकले. सीरिज ३-३.

३ नोव्हेंबर, गुरुवार, साडेपाच, सातवी आणि शेवटची मॅच. कब्सच्या डेक्स्टर फाउलरने सुरुवातीलाच होमरन मारला आणि मी गोधडीतून उडालो. पाचव्या इनिंगला ५-१. मी मनात सुद्धा काही बोललो नाही. मग एक वाइल्ड पिच (भरकटलेला बॉल) आणि त्यावर क्लीव्हलँडचे दोन रन, ५-३. मग आपला डेव्हिड रॉस, ३९ वर्षांचा, शेवटची मॅच खेळणारा, त्याचा होमरन, ६-३. आठवी इनिंग (मॅच नऊ इनिंगची), चार आउट बाकी. चारच. आणि इथे मी चूक केली, आतेभावाला मेसेज टाकला, "होतंय रे".

तिकडून एक डबल, ६-४. मग राजाय डेव्हिसचा होमरन, लेफ्टच्या भिंतीवरून, ६-६.

मी फोन उलटा करून ठेवला. खरंच मला तो आडवा झालेला बागच दिसत होता, उगाच सांगत नाही. नववी इनिंग कोरी गेली आणि कॉमेंट्रीवाला म्हणाला पाऊस आला, मैदानावर ताडपत्री टाकतायत. तेवढ्यात आप्पा चहा घेऊन वर आले, माझं तोंड बघितलं, काय झालं विचारलं. म्हटलं बरोबरी झाली आणि पाऊस आला.

आप्पा म्हणे, "वारा आहे का?"

म्हटलं नाही, नुसता पाऊस. "मंग काही होत नाही," म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले. सतरा मिनिटं मॅच थांबली होती, दोघं काही न बोलता चहा पीत होतो. त्याच सतरा मिनिटांत कब्सच्या हेवर्डने सगळ्या टीमला जिमच्या खोलीत गोळा करून बोलून घेतलं, हे नंतर कळलं.

दहाव्यात श्वार्बरचा सिंगल (एप्रिलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला माणूस हा), मग झोब्रिस्टचा डबल, ७-६. मॉन्टेरोचा सिंगल, ८-६. आप्पांनी विचारलं, "गाडीत चढलं का?" म्हटलं नाही अजून. आणि नाहीच, कारण क्लीव्हलँडने दोन आउट झाल्यावर पण एक रन काढला, ८-७.

मग शेवटचा बॉल. हळू घरंगळत, थर्ड बेसकडे. माझ्या जागेवर. ओलं गवत. मी डोळे मिटले. नंतर व्हिडिओत बघितलं, थर्ड बेसचा ब्रायंट बॉल उचलताना हसत होता आणि फेकताना त्याचा पाय घसरला, तरी थ्रो सरळ फर्स्ट बेसवरच्या रिझोच्या हातात. घसरूनही सरळ! मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल मोजलं नाही.

सव्वादहा वाजले होते. शाळेच्या ग्रुपवर "जिंकलो रेऽऽ" टाकलं तर एकाने विचारलं कोणती मॅच, न्यूझीलंडची तर संपली ना. त्याच आठवड्यात आतेभावाने रिग्ली फील्डच्या (कब्सचं मैदान) बाहेरच्या विटांच्या भिंतीचा फोटो पाठवला, लोकांनी खडूने नावं लिहिलेली, बाप, आजोबा, काका, जे वाट बघत बघत गेले त्यांची. तेव्हा मात्र मी गोठ्यामागे जाऊन रडलो.

पण त्या सकाळी धाब्यावर नुसता बसून होतो, कानात अजून रेडिओवरचा गोंगाट. आप्पा कप उचलून जिन्याकडे निघाले होते.

"किती वर्सं झाली म्हने त्याईले?"

"एकशे आठ."

"मंग जाय आता, आंघोय कर."