ठळक न छापलेला १.१

आमच्या लॅबमध्ये सकाळच्या पहिल्या बॅचमध्ये एका आजींच्या रक्तातलं पोटॅशियम ६.८ आलं, म्हणजे फारच जास्त. वय ७४. किडनीचं काम दाखवणारे आकडे: क्रिएटिनिन १.१, युरिया ३४. ६.८ला हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना लगेच कळवायचंच असतं. मी फोन केला, पण सांगितलं, "नमुन्याचा संशय आहे, रक्त परत घ्यायला हवं."

सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) स्वच्छ पिवळं होतं, म्हणजे पेशी फुटलेल्या नव्हत्या. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त पिवळ्या नळीत ओतलं तर त्यातल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे पोटॅशियम चढतं, पण मग कॅल्शियम कोसळतं. इथे ते ९.३ होतं. शेवटी नळीवरची वेळ पाहिली, तर आदल्या संध्याकाळचे सात! सिंहगड रोडकडच्या एका कलेक्शन सेंटरने रक्त सेंट्रिफ्यूज न करताच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं होतं. थंडीत पोटॅशियम पेशींच्या आत ओढणारा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम सीरममध्ये झिरपतं. पेशी मात्र शाबूत राहतात, म्हणून बघून काही कळत नाही. नळी अर्धा तास उभी ठेवायची, रक्त गोठलं की दहा मिनिटं फिरवायची, मगच फ्रिज. एवढंही न करणाऱ्यांना नमुने घेऊ देऊच नयेत.

दुपारच्या नव्या नमुन्यात पोटॅशियम ४.५. आजींच्या मुलाचा जीव भांड्यात पडला.

क्रिएटिनिन पुन्हा १.१च. आमची स्त्रियांची रेंज ०.५ ते १.१, म्हणून ते ठळक छापलं जात नाही आणि घरचे फक्त ठळक आकडे वाचतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात हेच १.१ घातलं तर २५ वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, ९६ येतो, आजींचा ५३. त्यात आजी ४१ किलोच्या, म्हणजे ५३ सुद्धा फुगलेलाच असू शकतो. सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, त्यातून नीट उलगडलं असतं.

मुलगा काउंटरवर म्हणाला, "पोटॅशियम नॉर्मल आलं ना? मग झालं." बोलता बोलता कळलं, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, किडनीला त्रास देऊ शकणारी दुखण्याची गोळी, रोज चालू आहे. मी म्हटलं, "दादा, ही गोळी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि त्यांची सकाळची पहिली लघवी आणा, १० मिली पुरे." लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा क्रिएटिनिनशी रेशो ३०च्या वर गेला की किडनीची चाळणी गळू लागल्याचं कळतं. इतकं थोडं अल्ब्युमिन साध्या पट्टीवर बहुधा दिसत नाही. किडनी प्रोफाइल सगळे लिहितात, ही तपासणी लिहायची मात्र राहून जाते.

६.८साठी फोन करायचा नियम आहे, ५३साठी नाही. तरी संध्याकाळी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. ते म्हणाले, "या वयात एवढं चालायचंच." वयानुसार ईजीएफआर उतरतो हे खरं. पण हे नुसतं वय की किडनीचा आजार, ते एका दिवसाच्या नमुन्यांवरून ठरत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं, आणि मधल्या काळात रोज डायक्लोफेनॅक पोटात जाणार. मी तेवढंच बोललो. त्यांनी गोळी थांबवली आणि लघवीचा रेशो लिहून दिला.